खात्री नसलेल्या अक्षराखाली टिंब

आमच्या घरात माझ्या वडिलांचं नाव कोणी घेत नसे. आई घेत नसे, कारण नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी त्यांना दादा म्हणायचे. आणि विमानतळावरच्या मालाच्या शेडमधले त्यांचे डच सोबती त्यांना केस म्हणायचे. कामाच्या पहिल्याच दिवशी फोरमनने त्यांचं कार्ड बघून जीभ दोनदा वळवून पाहिली होती आणि "जाऊ दे, आजपासून तू केस," असं सांगून टाकलं होतं. तिकडे हे पुरुषाचं अगदी साधं नाव. दादांना तेव्हाही चांगलं ऐसपैस टक्कल होतं, त्यामुळे आईने या बारशाला पोट धरून हसून घेतलं. असं ते खरं नाव फक्त कागदांवर उरलं, पासपोर्टवर आणि पगाराच्या चिठ्ठीवर. दारावरच्या पाटीवर नुसतं 'के. ढगे'.

आम्ही नेदरलँड्सला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. गेमेन्टेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोंदणीला गेलो त्या दिवशी दादा कामावर होते. काउंटरवरच्या बाईने आईला नवऱ्याचं नाव विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मग आईने दादांच्या पासपोर्टची झेरॉक्स पुढे सरकवली आणि नावावर बोट ठेवलं. बाईला वाटलं हिला ऐकू येत नाही. ती ओरडून विचारायला लागली. आई बहिरी नाही, आई लाजतेय, हे सांगण्याइतकं डच तेव्हा मला येत नव्हतं. आता येतं, पण ती काउंटरवाली आता कुठे सापडायची!

आम्ही राहायचो बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाच्या कुशीत. विमान डोक्यावरून गेलं की घरात बोलणं थांबायचं. वाक्य जिथे असेल तिथे ठेवायचं, विमान जाऊ द्यायचं, मग तिथूनच पुढे उचलायचं. आई भांडतानासुद्धा हा नियम पाळायची. "मी तुला किती वेळा सांगितलं," विमान, "की ओला टॉवेल पलंगावर टाकू नको." पाहुण्यांना हे विचित्र वाटे. स्वयंपाकघरात सदा लसणाची फोडणी. मेथी मिळायची नाही म्हणून आई आंदेव्ही नावाचा तिथला कडवट पाला चिरून, दाण्याचं कूट घालून भाजी करायची आणि ती मेथीच आहे असं आम्ही सगळ्यांनी संगनमताने मानलेलं होतं. ज्वारीचं पीठ नव्हतं तेव्हा तिने राय नावाच्या धान्याच्या काळ्या पिठाची भाकरी थापून पाहिली. ती पाटावरच फुटली. दादा म्हणाले, "हिला अजून इथली हवा मानवली नाही," आणि तुकडे दुधात कुस्करून खाल्ले.

दादांचं काम कागदांचं. मालाच्या प्रत्येक पेटीबरोबर एक कागद यायचा, कोणी पाठवलं, कोणाला, आत काय, वजन किती. दादा कागद आणि पेटी ताडून बघायचे. घरी आले की सांगायचे, आज कागदावर सुती कपडे होते आणि पेटीत जिवंत कासवं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कागद खोटं बोलत नाही गं, पण कागद कोणी लिहिला ते आधी बघायचं." हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की ते मला ऐकू येईनासं झालं. या प्रकरणात मी माझ्या एका भ्याडपणाची आणि एका उद्धटपणाची हकिकत लिहिते आहे. पहिल्या वेळी हे वाक्य वेळेवर आठवलं असतं तर बरं झालं असतं. भ्याडपणाची मला अजून लाज वाटते. उद्धटपणाची कधी वाटली नाही, आणि आता साठीनंतर वाटायचं काही कारण नाही.

ग्रीक मी शिकले ते निव्वळ हट्टाने. प्राथमिक शाळेच्या शेवटी आमच्या मास्तरांनी सल्ला दिला होता की हिला एखाद्या हातकामाच्या शाळेत घाला, भाषा हिला झेपणार नाहीत. दादांनी मान डोलावली, सायकलवर मला पुढे घातलं आणि थेट लॅटिन-ग्रीकवाल्या शाळेत अर्ज भरला. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे विद्यापीठातही मी तेच घेतलं. नातेवाईक फोनवर विचारायचे, मुलगी काय शिकते? आई सांगायची, "जुने कागद वाचते." "म्हणजे वडिलांसारखंच," पलीकडून उत्तर येई, आणि आई "हो ना" म्हणून विषय संपवी.

विद्यापीठात पपायरस वाचायचा एक वर्ग होता. आम्ही पाच जण आणि मेव्राव तेरप्स्त्रा. मेव्राव म्हणजे बाई. या बाई उंच, करड्या, शिस्तीच्या, बुटांचा आवाज न करणाऱ्या. पपायरस म्हणजे इजिप्तच्या वाळूत दोन हजार वर्षं टिकलेला लव्हाळ्याचा कागद. दोन काचांमध्ये दाबून ठेवलेला, सुकलेल्या तंबाखूच्या पानाच्या रंगाचा, कडांना कुरतडलेला. त्यावर ग्रीक अक्षरं एकमेकांना चिकटून चाललेली, शब्दाशब्दांत फट नाही. त्यांत राजे नसतात, देव क्वचित असतात. करारमदार, तक्रारी, करांच्या पावत्या, पळालेल्या गुलामाला शोधायची जाहिरात, विकलेल्या गुलामाचं खरेदीखत. बाईंचा पहिला नियम असा की ज्या अक्षराची खात्री नाही त्याच्याखाली टिंब द्यायचं. भोक पडलंय तिथे कंस. जे दिसत नाही ते दिसतंय म्हणायचं नाही. एकदा एक मुलगा एक टिंब विसरला तर बाई म्हणाल्या, "हे खोटं बोलणं आहे." मला हा नियम फार आवडला. जगातल्या सगळ्या पुस्तकांना लावावा असा.

वर्षाअखेरीला आम्हाला एकेक तुकडा वाचायला दिला. माझ्या वाट्याला एक खरेदीखत आलं. एका गावच्या माणसाने दुसऱ्या गावच्या माणसाला एक मुलगी विकलेली. वय साधारण बारा, वर्ण मधासारखा, डाव्या नडगीवर व्रण. हमी दिलेली की तिला फेफरं नाही, अंगावर कोड नाही. याशिवाय काही खोड निघाली तर परत घेणार नाही. विकणाऱ्याचं वर्णनही तसंच, वय, वर्ण, कपाळावर व्रण. त्या काळी माणसं व्रणांवरून ओळखत, मालक असो की गुलाम. मला गंमत वाटली, कारण दादांच्या पासपोर्टवरही ओळखीची खूण म्हणून भुवईवरचा व्रणच लिहिलेला होता. आणि मग मुलीचं नाव लागलं, स्वच्छ, एकही अक्षर न फाटलेलं. कोप्रिया.

बाई खूश झाल्या. "याचा अर्थ शेण, उकिरडा," त्यांनी वर्गाला सांगितलं. "हिला जन्मताच उकिरड्यावर टाकलेली असणार. कोणीतरी उचलून आणली, वाढवली आणि गुलाम म्हणून विकली. नावातच तिचं सगळं आयुष्य आहे." वर्ग हळहळला. मीही हळहळले. आणि माझं पेन वहीवर तिथेच थांबलं, कारण माझ्या वडिलांचं नाव कचरू आहे.

जन्मभर जिच्या तोंडाला टाळा नव्हता ती मी, मूग गिळून बसले. वरताण म्हणजे, विद्यापीठाच्या ओपन डेला आमचे तुकडे लोकांना दाखवायचे होते आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्याची पाटी लिहायची होती. माझ्या पाटीचं शेवटचं वाक्य मी स्वतः रचलं. 'कोणतीही आई आपल्या मुलाला हे नाव देणार नाही.' बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, छान, हे लोकांच्या काळजाला भिडेल. मग म्हणाल्या, उन्हाळ्यात पपायरसांच्या संग्रहाची यादी करायचं काम तुलाच द्यावं असं माझ्या मनात आहे. ते काम मिळालं की पुढचा रस्ता मोकळा होता. मी स्टेशनावरून घरी सायकलने नाही, हवेतून आले.

दादांना ओपन डेची चिठ्ठी टपालाने आलेली होती. जेवताना म्हणाले, "आम्ही दोघं येणार. तुझा कागद बघायचाय." मी खरेदीखत सांगितलं. आंदेव्हीचा घास हातात धरून ते ऐकत राहिले. मग धंद्यातल्या माणसासारखे प्रश्न आले. पाठवणारा कोण? घेणारा कोण? साक्षीदार किती? "आणि पोरीचं नाव काय?"

विमान आलं. मला पुरेसा वेळ मिळाला.

"नाव वाचता येत नाही," मी म्हणाले. "नेमकं तिथेच भोक आहे."

"अरेरे," दादा म्हणाले. आई म्हणाली, "एवढं टिकलं आणि नेमकं नावच गेलं बघा बिचारीचं," आणि भाजी वाढली. ती भाजी मी कशी गिळली ते माझं मला माहीत.

ओपन डेच्या सकाळी मी बाईंना दारातच गाठलं. म्हटलं, शेवटचं वाक्य काढायचं आहे. का? तर असं नाव आया ठेवतात. आमच्याकडे पोरं जगत नसली की दृष्ट लागू नये, मृत्यूने ढुंकून बघू नये म्हणून ठेवतात, कचरू, धोंडू, उकिरडा. कोणाचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, गावाकडे, लोकांचं. बघा, तेव्हाही माझी जीभ वडिलांपर्यंत पोचली नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझं गाव इजिप्त नाही. आणि या नावाची स्वतंत्र माणसंही सापडतात, ते मला ठाऊक आहे. पण लोक दोन मिनिटं थांबणार, त्यांना एक गोष्ट हवी. शंका असेल तर पाच वर्षांनी लेख लिही." आणि त्या पाहुण्यांकडे वळल्या.

हे वाक्य मी पुढे अनेक विद्वानांच्या तोंडून ऐकलं. तुमच्या घरातलं माहीत असणं हे माहीत असणंच नव्हे. पाच वर्षांनी, तळटिपांसकट या.

आई-दादा ठरल्यापेक्षा तासभर आधी आले. दादा ब्लेझरमध्ये, आई साडीवर जाड कोट घालून आणि हातात बिस्किटांच्या डब्यातून बाईंसाठी आणलेले शेंगदाण्याचे लाडू. दादा सरळ माझ्या काचेपाशी गेले. आधी कागद नीट पाहिला, मागून पुढून, शेडमध्ये पाहत तसा. मग पाटी. डच ते ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून वाचत. बोट नावापाशी थांबलं, अर्थापाशी थांबलं, आणि शेवटच्या वाक्यावरून फार हळू गेलं.

"भोक नाही की गं इथे," ते म्हणाले.

त्यांचं बोट शेवटच्या वाक्यावर परत आलं.

"हे शेवटचं कोणी लिहिलंय?"

"मी."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली वाकून परत कागद बघू लागले, आणि काचेकडे बघतच बोलायला लागले. त्यांच्याआधीची तीन भावंडं गेली होती. चौथ्या वेळी सुइणीने बाळ पुसलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने ते सुपात झाडून घेतलं, केरासारखं, आणि दारात येऊन ओरडली, केर घ्या केर. माझ्या आजीने सूपभर बाजरी देऊन ते विकत घेतलं. "म्हणजे मलाही विकलेलंच आहे," दादा म्हणाले. "आई सांगायची, मरणाला वाटावं की या घरात मूल नाही, नुसता केर आहे. रात्रंदिवस जागून पाळलंन मला. नाव ठेवताना रडली असेल, पण ठेवलंन."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. वीस वर्षं एका घरात राहून.

आणि मग ते वाक्य आलं, ज्याने माझा सगळा अभ्यास उलटा फिरवला. "तू सांगितलंस ना, विकणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आईचंसुद्धा लिहिलंय. या पोरीच्या आईचं नाव कुठाय?"

"नाही लिहिलेलं."

"मग कागद कोणी लिहिला ते बघ. ज्याने विकली त्याने. तो कशाला लिहील हिला आई होती म्हणून? उकिरड्यावरची म्हटलं की कोणाचंच काही गेलं नाही. आणि तूही त्याचीच री ओढलीस."

मी त्यानंतर चाळीस वर्षं असे कागद वाचले, आणि या दोन वाक्यांपलीकडे फारशी गेले नाही. हेही इथे लिहिते की हे नाव दर वेळी मायेनेच ठेवलेलं असतं असं नाही. आमच्याच गावात आईने ठेवलेले कचरू होते आणि दुसऱ्याच्या पोराला चांगलं नाव कशाला, असं म्हणून वरच्या आळीने लादलेले कचरूही होते. नावावरून कळत नाही. नाव कोणी ठेवलं ते विचारावं लागतं. त्या मुलीबद्दल ते विचारायला कोणी उरलेलं नाही. ती गुलाम होती, एवढं मात्र कागदावर शाबूत आहे, आणि त्याला टिंबाची गरज नाही.

मी खिशातून काळं पेन काढलं. पाटी छापलेली होती, जाड पुठ्ठ्यावर. शेवटच्या वाक्याच्या प्रत्येक अक्षराखाली मी टिंब द्यायला लागले. कोणतीही. आई. आपल्या. मुलाला. लोक जमले. आईने घाबरून विचारलं, "काय करतेयस हे? नवीन पुठ्ठा आहे." मी मोठ्याने, डचमध्ये आणि मग मराठीत सांगितलं, ज्या अक्षराची खात्री नाही त्याच्याखाली टिंब द्यायचं असतं, आणि मला यातल्या एकाही अक्षराची खात्री नाही. खाली मोकळ्या जागेत लिहिलं, 'माझ्या वडिलांचं नाव हेच आहे. त्यांच्या आईने ठेवलं. या मुलीच्या आईला कोणी विचारलेलं नाही.' आणि खाली माझी सही, पूर्ण.

मेव्राव तेरप्स्त्रा आवाज न करता आल्या. त्यांनी पाटी वाचली. टिंबं त्यांना कळली नाहीत असं कसं होईल? त्यांचे कान लाल झाले. "ही विद्यापीठाची पाटी आहे," त्या म्हणाल्या. "माझी आहे," मी म्हणाले, "मीच लिहिली, म्हणून मीच दुरुस्त केली." "दुसरी छापून घेईन." "मग तिच्यावरही टिंबं देईन." माझा आवाज चढला होता. आईने माझा दंड धरला होता, पण ओढत नव्हती, नुसता धरला होता. उन्हाळ्याचं काम मला मिळालं नाही, हे इथेच सांगून टाकते. तो उन्हाळा मी एका शेतावर ट्यूलिपचे कांदे सोलत काढला, नखं काळी करून, आणि बाईंची शिफारस नसल्याने पुढचा रस्ता दोन वर्षं लांबला. परत वेळ आली तर परत टिंबं देईन. पाटी मात्र मी त्या दिवशी जाताना काढून आणली. आता मी कापेल गावात राहते, तिथल्या माझ्या स्वयंपाकघरात फोडणीच्या डब्यांवर ती टांगलेली आहे, तेलकट झाली आहे. नात विचारते, आजी, हे ठिपके कशाचे? डचमध्ये विचारते. मी मराठीत सांगते.

पण बाईंबद्दल एक न्यायाचं बोललं पाहिजे. त्या तडक निघून गेल्या नाहीत. पाटीवरची माझी ओळ त्यांनी पुन्हा वाचली, खिशातून छोटी वही आणि पेन्सिल काढली आणि दादांकडे वळून सरळ विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात? कसं उच्चारतात? मला नोंदवून ठेवायचं आहे."

सगळे दादांकडे बघायला लागले. दादा ब्लेझरचं बटण चाचपत हसले, ते शेडमधलं कसनुसं हसू. इतक्या वर्षांची सवय. "केस," ते म्हणाले. "नुसतं केस लिहा, मॅडम. सोपं पडतं."

बाईंची पेन्सिल खाली टेकली. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी माझ्या दंडावरचा हात सुटला. आईने लाडवांचा डबा काचेवर ठेवला, कोटाच्या आतून पदर नीट केला आणि दोन पावलं पुढे झाली. डोक्यावर विमान नव्हतं. ते शहर विमानतळापासून लांब होतं आणि त्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"केस नाही," आई म्हणाली. "कचरू."

दादांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, पण ती थांबली नाही.

"कचरू विठोबा ढगे," तिने बाईंच्या वहीकडे बोट केलं, आणि मग माझ्याकडे वळली. "लिहायला सांग तिला. आणि म्हणावं, यातल्या एकाही अक्षराखाली टिंब द्यायचं नाही."